चिडाचे झाड उंच म्हणून राळ जास्त?

सोन्याचांदीच्या पत्र्यावर ठोकून नक्षी उठवायची, तर तो राळेच्या थरावर बसवतात. विटेची पूड आणि थोडे तेल घातलेली राळ तापली की मऊ होते, निवली की पत्रा घट्ट धरून छिन्नीचा घाव झेलते. कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांत भरतात ती लाख मात्र निराळी. लाख किडे तयार करतात. राळ झाडापासून मिळते, आणि आज आपल्याकडे ती मुख्यतः हिमालयातल्या चीड पाइनची असते.

हे झाड आपण कोकणात पाहिले, असे अनेकांना वाटते. किनाऱ्यावरचे ते बन सुरूचे. सुरूची ‘सुई’ हातात घेऊन ओढा, ती पेरापेराशी सुटते, कारण ती पान नसून बारीक फांदी आहे. चिडाच्या सुया मात्र खरी पाने असतात, आणि तीन-तीनच्या जुडग्यात येतात. सुरूतून राळ काढत नाहीत.

राळ म्हणजे झाडाचा जीवनरस, हाही गैरसमजच. मुळांकडून पाणी चढते त्या वाटा वेगळ्या. राळ लाकडातल्या सूक्ष्म नलिकांत साठते, भोवतालच्या पेशी ती बनवतात, आणि जखम झाली की ती बाहेर येऊन किडीला, बुरशीला अडवते. म्हणून खोल घाव घातला की जास्त राळ, हा हिशेब चुकतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने रुजवलेल्या पद्धतीत साल तासून लाकडात जेमतेम दोन मिलिमीटरची तिरपी चर पाडतात, तिच्यावर सौम्य आम्ल फवारतात आणि काही दिवसांनी वर नवी चर पाडतात. जुन्या खोल खाचांनी खोड पोखरले जायचे. मग ते वाऱ्याने मोडायचे, वणव्यात पेटायचे.

मग जास्त राळ देणारे झाड ओळखायचे कसे? नजर आधी उंचीवर जाते, पण उंची एकटी फारसे सांगत नाही. खोडाचा घेर जास्त भरवशाचा, आणि त्याहून बोलका भरगच्च, हिरवा माथा. राळ कार्बनाची बनते आणि तो पानांकडूनच येतो. दाटीत सरळ वाढलेल्या, शेंड्याला मूठभर पाने उरलेल्या उंच झाडापेक्षा मोकळ्यावरचे बुटके, डेरेदार झाड सरस ठरू शकते. उन्हाचाही वाटा असतो: उबेत राळ पातळ राहून वाहते, थंडीत घट्ट होऊन चर बुजवते.

तरीही एकाच घेराची, एकाच उतारावरची दोन झाडे शेजारी उभी असतात आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट राळ देते. हा फरक बऱ्याच अंशी वंशातून येतो, बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत स्लॅश पाइनची अशी जास्त राळ देणारी झाडे निवडून त्यांच्यापासून पुढची रोपे तयार केली गेली. झाड निवडायचे असेल, तर घेर आणि माथा पाहून आधी अंदाज बांधावा, मग छोटी चर पाडून थेंब मोजावेत.