रेणूंचे ग्रंथालय

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'ग्रंथालय' कशाला, असे कला शाखेच्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण तो शब्द तेथे शोभतो. प्रथिने म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या. आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात; आपली कित्येक संप्रेरके पेप्टाइडेच आहेत. ही वीस अक्षरे मानली, तर दोन अक्षरी शब्द ४०० होतात, तीन अक्षरी ८,००० आणि सहा अक्षरी तब्बल ६ कोटी ४० लाख! रोगावर उपयोगी पडणारा शब्द यांतला कोणता, हे आधी कोण सांगणार?

साखळीचे टोक राळेच्या बारीक मण्याला बांधून ती वाढवण्याची रीत ब्रूस मेरिफील्ड यांनी अमेरिकेत १९६३ सालीच काढली होती. पण तिने एका वेळी एकच पेप्टाइड तयार होई. बुडापेस्टच्या आर्पाद फुर्का यांनी त्यावर शोधलेली युक्ती आपल्या स्वयंपाकघरातही सुचावी इतकी साधी आहे. मण्यांचे वीस वाटे करायचे, प्रत्येक वाट्याला वेगळे अमिनो आम्ल जोडायचे, सगळे मणी कालवायचे आणि पुन्हा वीस वाटे करायचे. अशा सहा फेऱ्या, म्हणजे अवघ्या १२० जोडण्या केल्या की सहा अक्षरी सगळे शब्द तयार! मणी मात्र तितके पुरेसे हवेत. शिवाय कोणताही मणी दर फेरीत एकाच भांड्यात असतो. त्यामुळे एका मण्यावर एकाच जातीची साखळी वाढते.

फुर्का यांनी १९८२ साली ही कल्पना नोटरीकडे नोंदवून ठेवली. त्यांचा सविस्तर लेख निघाला १९९१ साली. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील किट लॅम व रिचर्ड हाउटन यांच्या गटांचे पेप्टाइड-ग्रंथालयांवरचे लेख 'नेचर'मध्ये आले. नोटरीचा तो कागद नसता, तर फुर्का यांचे नाव आज किती जणांनी घेतले असते?

आता लाखो मण्यांतून हवा तो कसा ओळखायचा? लॅम यांनी मण्यांवर असे प्रथिन सोडले, की ते ज्या मण्याला चिकटेल तो रंगीत व्हावा. तो सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने उचलायचा आणि त्यावरची अक्षरे यंत्राने वाचायची.

पण चिकटला म्हणजे औषध झाले, असे नव्हे. साधे पेप्टाइड पोटात गेले की वरणातल्या प्रथिनासारखे पचून जाते. यावर एक तोड म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट ठेवणीची अमिनो आम्ले वापरणे. पाचक रसांना ती सहसा तोडता येत नाहीत. हाउटन यांच्या संस्थेने १९९८ साली चार अक्षरी ग्रंथालयातून अशी पेप्टाइडे वेचली. त्याच कुळातल्या डायफेलिकेफॅलिनला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती डायलिसिसवरील रुग्णांच्या असह्य खाजेसाठी. तेही इंजेक्शनानेच द्यावे लागते.