चिखलाचा टायर : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये रस्ता असतो. दुकानात गादीवर बसणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, पण आठवडी बाजार करणाऱ्याला दर पावसाळ्यात त्याची आठवण होते. आम्ही मालेगावहून कळवण, सुरगाणा, पेठ या भागांतल्या बाजारांना साड्या, लुंग्या आणि चादरी घेऊन जातो. खराब रस्त्यांसाठी डबल केबिनची फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली आणि आता पावसाची फिकीर नाही, असे समजून बसलो. हा गैरसमज आम्हाला महागात पडला.

पोळ्याआधीच्या बाजाराला जाताना डांबरी सडक सोडून अर्धा मैल गेलो आणि गाडी रुतली. चारही चाके फिरत होती, पण जागच्या जागी. चिकण माती टायरच्या खाचांत भरून बसली होती आणि टायर लिंपलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत झाला होता. ट्रॅक्टर येईपर्यंत दुपार उलटली. ताडपत्रीखालचे दोन गठ्ठे भिजले आणि बाजार उठून गेला. विक्री बुडाली ती बुडालीच, पण त्या दिवशी वसूल व्हायची उधारीही लांबली. इंजिन चार चाकांना ताकद देते, पण जमीन धरायचे काम टायरचे असते, हा धडा त्या दिवशी मिळाला. आमच्यासारखा धंदा करणाऱ्या बंधूंना उपयोगी पडावा म्हणून पुढचा तजुर्बा लिहीत आहोत.

तीन जाती

बाजारात या गाड्यांचे टायर ढोबळमानाने तीन जातींचे मिळतात. पहिली सडकेची, म्हणजे एच.टी. : बारीक खाचा, कमी आवाज, जास्त आयुष्य. दुसरी मधली, म्हणजे ए.टी. : सडक, खडी आणि थोडा चिखल यांना चालणारी. तिसरी खास चिखलाची, म्हणजे एम.टी. : मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा. चाक फिरले की या खाचांतली माती बाहेर फेकली जाते आणि ठोकळ्यांना पुन्हा जमीन सापडते. काळ्या मातीत हाच गुण कामाचा आहे.

मात्र हाच टायर डांबरावर आवाज करतो, डिझेल जास्त खातो आणि लवकर झिजतो. ओल्या डांबरावर ब्रेक लावताना त्याची पकडही कमी पडते. म्हणून बाराही महिने तो वापरणे परवडत नाही.

हिशेब मांडून पाहा

भाव ठिकाणानुसार बदलतात, म्हणून आकडे समजुतीपुरते धरावेत. समजा, सडकेचा टायर ८,००० रुपयांचा आहे आणि ५०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला १६ पैसे, चार टायरांचे ६४ पैसे. चिखलाचा टायर १२,००० रुपयांचा आहे आणि ३०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे ४० पैसे, चार टायरांचे १ रुपया ६० पैसे. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पहिल्याचा खर्च १२,८०० आणि दुसऱ्याचा ३२,००० रुपये. फरक १९,२०० रुपयांचा.

आता दुसरी रीत पाहू. चिखलाचे चार टायर जुन्या बाजारातून घेतलेल्या चांगल्या, न वाकलेल्या रिमांवर चढवून ठेवावेत आणि फक्त पावसाळ्यात लावावेत. त्या काळात ६,००० किलोमीटर धाव झाली तर ४८,००० रुपयांचा जोड पाच पावसाळे निघतो. वर्षाचे ९,६०० रुपये झाले. तेवढे किलोमीटर सडकेचे टायर वाचतात, त्याचे ३,८४० वजा केले, तर जादा खर्च ५,७६० रुपये आणि एकदाची रिमांची किंमत. आमचा एक बुडालेला बाजार यापेक्षा महाग पडला होता. आम्ही हीच रीत धरली.

ज्यांची गाडी दहातले नऊ किलोमीटर डांबरावर धावते आणि चिखल क्वचितच लागतो, त्यांनी ए.टी. टायर घ्यावेत आणि सोबत साखळ्यांचा एक जोड ठेवावा.

टायरची बाजू वाचायला शिका

आम्ही कापडाला हात लावून पोत सांगतो. टायरचा पोत त्याच्या बाजूवर लिहिलेला असतो. २१५/७५ आर १५ याचा अर्थ असा : रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंचांची. त्यापुढचा आकडा वजनाचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. गठ्ठे वाहणाऱ्याने हा आकडा कंपनीने गाडीला सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नये, मग टायर कितीही स्वस्त मिळो.

रुंद टायर चिखलात चांगला, हाही सरसकट खरा समज नाही. वरती चिखल आणि खाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो. शिवाय २३५/७५ आर १५ घातला तर चाक ३० मिलिमीटरने मोठे होते. गाडी उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, आणि मीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ४ टक्के कमी दाखवतो. गाडीला मान्य असलेले मापच बरे.

फोर-व्हील गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर गिअरांवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी. म्हणूनच दोन नवे आणि दोन रिमोल्ड अशी बचत आम्ही टाळतो.

एका दुकानदाराने आम्हाला ‘ताजा माल’ म्हणून टायर दाखवले. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ते आकडे वाचले तेव्हा टायर पाच वर्षांचे निघाले. सौदा तिथेच सोडला. आय.एस.आय.ची खूणही पाहून घ्यावी.

परदेशी की देशी?

जून २०२० मध्ये सरकारने टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यानंतर परदेशी माल मिळणे अवघड झाले. आमच्या कामाला देशात बनलेला टायर पुरतो. नव्या टायरांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने मालवाहू गाडीच्या टायरांचे पक्के बिल घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ती मिळत नाही.

शेवटी वापराच्या दोन गोष्टी. चिखलात थोडी हवा कमी केली तर पकड वाढते, पण भरलेल्या गाडीत हे जपून करावे आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. आम्ही बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत ठेवतो. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते, पण चिखलातली पकड त्याच्या कितीतरी आधी जाते.

टायर बदलल्यावर आमचा एकही बाजार बुडाला नाही, असे म्हणणार नाही. ओढ्याला पूर आला तर कोणताही टायर थांबतो, आणि थांबावेच. पण चिखलामुळे माल घेऊन परत फिरण्याची वेळ आता आलेली नाही. कापड असो की टायर, भाव विचारण्याआधी तो किती दिवस टिकेल हे विचारावे.