अर्दित, कर्णलक्षणे आणि पहिले बहात्तर तास

सकाळी चूळ भरताना ओठाच्या एका कोपऱ्यातून पाणी गळते, गाल बधिर वाटतो, कानामागे आदल्या दिवसापासून ठणका असतो. ‘गार वारा लागला असेल’ अशी समजूत करून घेतलेला रुग्ण वैद्याकडे येतो, आणि पुष्कळदा त्याआधी औषधाच्या दुकानात. कानात घालावयास एखादे तेल द्यावे, एवढीच त्याची मागणी असते. त्यासंबंधी वैद्यबंधू व औषधविक्रेते या उभयतांपुढे काही विचार मांडावेत असे आम्हांस वाटते.

हे चित्र आपल्या ग्रंथांना अपरिचित नाही. त्वचेचा स्वाप व तोद ही अर्दिताची पूर्वरूपे सुश्रुतांनी निदानस्थानात सांगितली आहेत, तर चरकांनी वातव्याधिचिकित्सेत श्रवणबाधेचा उल्लेख केला आहे. मात्र चरकांच्या मते अर्दित अर्ध्या शरीरात किंवा केवळ अर्ध्या मुखात असू शकते. सुश्रुत ते मुखापुरतेच मानतात. म्हणजे ‘अर्दित’ या एका नावाखाली मेंदूचा पक्षाघात आणि केवळ चेहऱ्याच्या नसेचा विकार, दोन्ही आपल्यासमोर येऊ शकतात. व्यवहारात खरी गफलत येथेच होते.

म्हणून प्रथम रुग्णास कपाळावर आठ्या घालावयास सांगावे. त्या बाजूचे कपाळही हलत नसेल आणि डोळाही मिटत नसेल, तर बहुधा फेशियल नर्व्ह बाधित असते. कपाळ हलते पण ओठ ओढला गेला आहे, किंवा हातापायात अशक्तपणा, वाणीत अडखळ, दुहेरी दिसणे, तोल जाणे यांपैकी काही आहे, तर नाडी पाहण्यातही वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. ही नस प्रामुख्याने चेष्टावह आहे. रुग्ण ज्याला बधिरपणा म्हणतो तो बहुधा जडपणा असतो. कापसाचा स्पर्श खरोखरच कळत नसेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

कानाचे काय? ही नस कानाजवळील हाडाच्या अरुंद नलिकेतून जाते. तेथे सूज आली की कानामागे दुखते, जिभेच्या पुढील भागाची चव जाते, साधे आवाजही मोठे वाटतात. परंतु कान उजेडात पाहिल्याशिवाय कर्णपूरण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाळीवर किंवा कर्णमार्गात पाण्याचे फोड असतील, भोवळ येत असेल, तर तो नागिणीच्याच विषाणूचा विकार होय. रॅम्से हंट यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात विषाणुरोधक औषध लवकर लागते आणि तरीही पूर्ण बरे होण्याचे प्रमाण कमी असते. जुना कर्णस्राव असता तोंड वाकडे झाले, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर रुग्ण त्याच दिवशी कानाच्या तज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

उरतो बेल यांच्या नावाचा अर्दित. यातील सुमारे ७० टक्के रुग्ण काहीही न करता पूर्ण बरे होतात, आणि जे औषध हाती असेल त्यास यश मिळते! एकांगवीराची कीर्ती अशी किती वाढली असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा. प्रश्न उरलेल्या तिसांचा आहे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४.४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले; न दिलेल्यांपैकी ८१.६ टक्के. हा फरक डोळ्याआड करणे आम्हांस शास्त्रनिष्ठेचे वाटत नाही. मधुमेही रुग्णात मात्र त्या काळात साखरेवर लक्ष ठेवावे लागते.

नस्य, मूर्धतैल, नाडीस्वेद ही चरकोक्त चिकित्सा सोडावी असे आमचे म्हणणे नाही. ती या तीन दिवसांच्या आड येऊ नये, इतकेच. डोळ्याची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. सुश्रुतांनी पापणी न मिटणाऱ्या रुग्णाचे अर्दित असाध्य म्हटले आहे. आज आपणांस निदान त्याचे बुबुळ तरी वाचविता येते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम व पापणी मिटवून पट्टी.

औषधविक्रेत्यांनी तेलाची बाटली काढण्यापूर्वी ‘हे केव्हा सुरू झाले?’ एवढे विचारावे आणि ती वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या हाती द्यावी. पुढील चिकित्सकाला सर्वप्रथम तीच लागते.