पुढे चालू

चातुर्मासात मराठवाड्यातील गावोगावी पोथी लागते. गोदाकाठचा नांदेड जिल्हा असो की मांजराकाठचा लातूर जिल्हा, रात्रीची जेवणे आटोपली की मंडळी देवळात जमतात. एकजण ओव्या वाचतो, दुसरा त्यांचा अर्थ सांगतो आणि अध्याय संपला की पोथी पुन्हा बासनात गुंडाळली जाते. ‘पांडवप्रताप’ असो वा ‘नवनाथ भक्तिसार’, श्रोत्यांनी ती कथा पूर्वी अनेकदा ऐकलेली असते. पुढे काय घडणार हे आजीबाईंना तोंडपाठ असते. तरीही दुसऱ्या रात्री त्या वेळेवर येऊन बसतात.

परंतु मुलांनो, अशीही एक कथा असते की जिचा उद्याचा अध्याय अद्याप कोणी लिहिलेलाच नसतो. लेखक एक भाग लिहितो, तो वाचकांच्या हाती पडतो आणि खाली दोनच शब्द असतात : ‘पुढे चालू’. कोठे त्याऐवजी ‘क्रमशः’ असेही छापतात. पुस्तक हाती घेताच शेवटचे पान उघडून पाहणारे विद्यार्थी मला माझ्या नोकरीत पुष्कळ भेटले. या कथेपुढे त्यांचा काही इलाज चालत नाही, कारण तिला शेवटचे पानच नसते.

आपल्या भाषेत या प्रकाराची गोडी लावली ती हरि नारायण आपटे यांनी. १८९० साली त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले. त्या वेळी ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. याच साप्ताहिकातून त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. हिशेब करून पाहा : तुम्ही सहावीत असताना तिचा आरंभ वाचला असता, तर शेवट वाचताना तुम्ही नववीत गेला असता!

यमू नावाची मुलगी या कादंबरीत आपली कहाणी आपणच सांगते. तिचे बालपण, लहान वयातील लग्न, सासरचा जाच आणि मग पतीसह मुंबईत घालवलेले सुखाचे दिवस. पुस्तक हातात असले म्हणजे उरलेल्या पानांच्या जाडीवरून कथा किती बाकी आहे याचा अंदाज येतो. ‘करमणूक’च्या वाचकाला तीही सोय नव्हती. यमू सुखात आहे, एवढेच त्याला त्या आठवड्यापुरते ठाऊक. पुढे तिचा पती अकाली वारतो आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. विधवेचे केस काढून टाकण्याची ही दुष्ट चाल तेव्हा अनेक घरांत होती. जिच्याशी इतका दीर्घ काळ परिचय झाला, तिच्यावरच हा प्रसंग आलेला वाचून वाचकाच्या मनाची काय अवस्था झाली असेल! माझ्या मते ही कादंबरी जिव्हारी लागते, त्यात या दीर्घ सहवासाचा वाटा मोठा आहे.

त्या काळी नांदेड आणि लातूर ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि दोन्हीकडे रेल्वे पोहोचलेली नव्हती. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली ती १९११ साली. पुण्यात छापलेला अंक अशा ठिकाणी पोहोचावयाचा, तर वाटेतच पुष्कळ दिवस जावयाचे. आज तो प्रश्न राहिलेला नाही. २०१४ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’ या मंचावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील कथा भागाभागाने वाचावयास मिळतात. लेखकाने रात्री लिहून ठेवलेला भाग किनवटच्या किंवा निलंग्याच्या मुलीला सकाळी एस.टी.ची वाट पाहताना मोबाइलवर वाचता येतो. आश्चर्य असे की, वाट पाहणे मात्र संपले नाही. रस्ता कितीही जवळचा झाला तरी लेखकाला विचार करावयास जो वेळ लागतो, तो लागतोच.

यमू आपल्यासारख्याच घरात राहत होती. कथा अद्भुत असली, म्हणजे तिच्यात राक्षस, जादूगार, मंतरलेले वाडे असले, की लेखकाचे काम अधिक अवघड होते. काशीचे देवकीनंदन खत्री यांनी १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी लिहिली. त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. तेथील पडक्या किल्ल्यांत हिंडताना त्यांना या कथेची कल्पना सुचली असे सांगतात. वेषांतर करून शत्रूला चकविणारे ऐयार आणि ज्यात शिरलेल्यास सहसा वाट सापडत नाही असे तिलिस्म, यांनी ही कादंबरी भरलेली आहे. केवळ ती वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी अक्षरे गिरविली, अशी तिची ख्याती आहे. पुढे ‘चंद्रकांता संतति’ तर चोवीस भागांपर्यंत गेली.

अद्भुत कथेत काहीही घडू शकते, असे तुम्हांस वाटेल. तसे नाही. समजा, लेखकाने तिसऱ्या भागात लिहिले की जादूची अंगठी एकदाच उपयोगी पडते. मग चाळिसाव्या भागात नायक संकटात सापडला तरी ती अंगठी दुसऱ्यांदा चालता कामा नये. संपूर्ण कादंबरी घरी बसून लिहिणारा लेखक मागे जाऊन तिसरे प्रकरण बदलू शकतो. भागाभागाने लिहिणाऱ्याचा छापलेला शब्द मात्र वाचकांच्या घरी जाऊन बसलेला असतो, आणि वाचकांची स्मरणशक्ती मोठी तिखट असते.

संगणकावर प्रसिद्ध केलेला मजकूर दुरुस्त करता येतो, हा त्यातला नवा भाग. अमेरिकेतील अँडी वीअर हे व्यवसायाने संगणकाचे आज्ञावलीकार. २००९ पासून त्यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर एकेका प्रकरणाने प्रसिद्ध केली. मंगळावर एकटाच राहिलेला अंतराळवीर जिवंत कसा राहतो, याची ती कथा. वाचकांत रसायनशास्त्र जाणणारे लोक होते. कोठे हिशेब चुकला की ते पत्राने कळवीत आणि वीअर तो सुधारीत. नायकाला वाचविण्यास वाचकांचाही असा हातभार लागला! २०१४ साली मोठ्या प्रकाशनसंस्थेने हे पुस्तक काढले आणि पुढल्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला.

अशा वाचनात एक धोका आहे, तो आरंभीच ओळखून असावे. कथा अपुरी राहू शकते. हरिभाऊंच्या ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या पूर्ण झाल्या नाहीत. खत्रींची ‘भूतनाथ’ १९१३ साली त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिली. पुढील भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी लिहिले. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८७० साली ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ ही कादंबरी मासिक भागांतून सुरू केली. बारा भाग व्हावयाचे होते. ९ जून रोजी डिकन्स वारले, तेव्हा सहाच लिहून झाले होते. एडविन नाहीसा झाला एवढे त्यांत येते. त्याचा खरोखरच खून झाला की तो कोठे दडून बसला होता, याविषयी वाचक आजही तर्क करीत आहेत.