फळ्यावर आधी बाण

पहाटे ५.३०
ओट्यावर चहा उकळतोय आणि टेबलापाशी बसून मी आज वर्गात घालायची सहा गणितं सोडवतोय. बावीस वर्षं शिकवतोय, तरी रात्री निवडलेलं गणित सकाळी कोऱ्या कागदावर स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात न्यायचं नाही, हा नेम मोडलेला नाही. अकरावी विज्ञान, ऑगस्ट महिना, सरळ रेषेतली गती. कॅलक्युलस अजून मुलांच्या हातात बसलेला नाही, त्यामुळे सगळा भार बीजगणितावर. यू, व्ही, ए, टी, एस ही पाच अक्षरं आणि तीन समीकरणं. पाचांतली तीन ठाऊक असली की उरलेली दोन निघतात. हिशेब इतका सरळ आहे, आणि दरवर्षी निम्मा वर्ग इथंच अडखळतो.

७.२०
पहिला तास. काल घरी दिलेलं गणित असं होतं: ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागला, मंदन ४ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर १० सेकंदांत गाडी किती अंतर जाईल?

७२ ला ५ छेद १८ ने गुणून २० मीटर प्रति सेकंद, इथपर्यंत सगळे एकजात बरोबर. पुढं बहुतेकांनी दुसऱ्या समीकरणात किमती टाकल्या. २० गुणिले १०, म्हणजे २००. त्यातून वजा अर्धा गुणिले ४ गुणिले १००, म्हणजे पुन्हा २००. उत्तर शून्य. वह्यावह्यांत शून्य, आणि त्याखाली ऐटीत दोन रेघा.

"म्हणजे ब्रेक मारल्यावर दहा सेकंदांनी गाडी होती तिथंच?" मी विचारलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, रिव्हर्स घेतली असेल!"

वर्ग हसला. पण पोरगं बरोबर बोललं होतं. समीकरणाला ब्रेक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की त्वरण वेगाच्या उलट दिशेला आहे. पाचव्या सेकंदाला गाडी ५० मीटर जाऊन थांबते. समीकरण थांबत नाही, ते तिला मागं ओढत नेतं आणि दहाव्या सेकंदाला मूळ जागी आणून सोडतं. खऱ्या रस्त्यावर गाडी थांबली की तिचं मंदनही संपलं. उत्तर ५० मीटर.

मग फळ्यावर रोजचा क्रम. आधी आडवी रेघ. तिच्यावर बाण: ही दिशा धन. मग दोन रकाने, 'दिलंय' आणि 'काढायचंय'. सूत्र सगळ्यांत शेवटी. मुलांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "सर, फॉर्म्युला कुठला लावायचा?"

९.४०
प्रयोगशाळा. खिशातली शंभराची नोट काढली. जोडीतल्या एकानं ती वरून उभी धरायची, दुसऱ्यानं बोटांची चिमूट नोटेच्या मधोमध उघडी ठेवायची. नोट सुटली की पकडायची. पकडली तर तुमची.

आजवर पैसे गेलेले नाहीत. शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, म्हणजे बोटांखालून निसटायला तिला ७ सेंटिमीटरच पडायचं असतं. सुरुवातीचा वेग शून्य. अंतराची दुप्पट भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ: ०.१२ सेकंद. डोळ्यांनी पाहून बोटं मिटायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. नंतर नोटेच्या जागी फूटपट्टी दिली आणि प्रत्येकाला आपापला वेळ काढायला सांगितला. २० सेंटिमीटरवर पकडणाऱ्याचा ०.२ सेकंद आला.

पडणारी वस्तू अशी हातावर तुरी देते, म्हणून गॅलिलिओनं उतरत्या फळीवरच्या खाचेतून गोळा घरंगळवला आणि बारीक धारेनं गोळा झालेलं पाणी तोलून वेळ मोजला. १६३८ च्या त्याच्या ग्रंथात ते वर्णन आहे. समान वेळांतली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हे त्यानं स्टॉपवॉच नसताना दाखवलं.

११.००
मधली सुट्टी, चहा आणि वडापाव. एसटीनं येणारी एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. येताना तिनं किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजला होता: ८० सेकंद. तिनं ताशी ४५ किलोमीटर काढलं, त्यावरून साडेबारा मीटर प्रति सेकंद, आणि विचारलं, "सर, हा सरासरी वेग झाला ना? मध्ये एक वळण होतं." मी म्हटलं, "सरासरी चाल म्हण. वळणावर दिशा बदलली, म्हणून विस्थापन किलोमीटरहून कमी भरेल." तिनं तिथंच शब्द खोडून नवा लिहिला.

१२.१५
शंकांचा तास. २५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू सरळ वर २० मीटर प्रति सेकंद वेगानं फेकला. जमिनीवर कधी पडेल? गुरुत्व त्वरण १० धरा. वरची दिशा धन, म्हणून विस्थापन वजा २५. टी वर्ग वजा ४ टी वजा ५ बरोबर शून्य. उत्तरं दोन: ५ आणि वजा १.

"वजा वेळ नसते, खोडा," असं गाईडात असतं. मीही बरीच वर्षं खोडत आलो. मग एकदा एका मुलानं विचारलं की नसते तर ती आली कुठून, आणि मला कागद घेऊन बसावं लागलं. ती सांगते: हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मीटर प्रति सेकंद वेगानं फेकला असता, तर बरोबर याच क्षणी, याच वेगानं गच्चीपाशी आला असता. खाली पडताना त्याचा वेग किती? तोही ३०, दिशा तेवढी उलट. आपल्या प्रश्नाचं उत्तर ५ सेकंदच. पण वजा १ खोडण्याआधी तो काय म्हणतो ते ऐकून घ्यावं.

३.००
स्टाफरूममध्ये वह्यांचा ढीग. चुका ओळखीच्या. एकीनं १५ सेंटिमीटर तसेच ठेवून ९.८ ने भागलेत. दोघांनी वर फेकलेल्या दगडाला माथ्यावर वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य दिलंय. समासात लिहिलं: 'वेग शून्य आणि त्वरणही शून्य, मग दगड खाली येईलच का? वरच लटकेल.' ही ओळ मी वर्षातून शंभरदा लिहीत असेन.

७.३०
एका पालकांचा फोन. सीईटीला भौतिकशास्त्राच्या पन्नास प्रश्नांत अकरावीचे दहाच, मग या धड्यात इतके दिवस का? मी म्हटलं, बारावीत दोलन येईल, विद्युतक्षेत्रातला इलेक्ट्रॉन येईल, तिथंही चिन्ह चुकलं की सगळं चुकतं. त्यांचं किती समाधान झालं, कळलं नाही.

९.१५
शेवटची वही, सकाळच्या रिव्हर्सवाल्याची. गाडीचं गणित त्यानं पुन्हा सोडवलं होतं. रेघ, बाण, ५० मीटर. खाली एक वाक्य: 'उरलेली ५ सेकंदं गाडी उभी आहे.' सूत्र लिहायचं मात्र राहिलं होतं. बोर्डाच्या पेपरात त्याचा गुण जाईल, हे त्याला उद्या सांगेन. आज पूर्ण गुण दिले.