‘असे का?’ : मराठी विद्यार्थ्यांचे इंग्रजी व्याकरणविषयक प्रश्न आणि त्यांची मराठीतील उत्तरे

प्रस्तावना

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील मढ हे कोळीवाड्यांचे, समुद्रावर उपजीविका करणारे गाव. येथील विद्यार्थी मार्वे रस्त्याने मालाडला येतात किंवा फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसाव्याला उतरतात. त्यांतील अनेकांच्या घरात कोळी बोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी असा चार भाषांचा व्यवहार असतो. महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. त्यानंतर शालेय शिक्षण घेतलेल्या पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, तरी वर्गात विचारले जाणारे प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस विचारले, “‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ‘यू’ या स्वराने सुरू होतो, मग त्याच्या आधी ‘ॲन’ का नाही?” शाळेत तिला ‘तो अपवाद आहे, पाठ कर’ एवढेच सांगण्यात आले होते. वस्तुतः तो अपवाद नाही. अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतच दडलेली असतात, हे दाखवणे आणि सर्व ‘चुका’ एकाच मापाने मोजू नयेत असे सुचवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सैद्धान्तिक भूमिका

पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की, शिकणाऱ्याच्या पद्धतशीर चुका म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याने मनात बांधलेल्या नियमांचा तो पुरावा होय. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि लक्ष्यभाषा यांच्या दरम्यान उभ्या राहणाऱ्या या व्यवस्थेला ‘अंतरभाषा’ या अर्थाची संज्ञा दिली. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत शिकतो त्या याच परंपरेतून. म्हणजे दोन्ही व्याकरणांची परिभाषा विद्यार्थ्याच्या परिचयाची असते. तिचा उपयोग मात्र इंग्रजीच्या तासाला क्वचितच केला जातो.

१. उपपदे

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. ‘ए, ई, आय, ओ, यू’ ही पाच अक्षरे पाठ केलेल्या विद्यार्थ्याचा येथेच घोटाळा होतो. देवनागरी लिपी यावर सोपा उपाय पुरवते. शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहावा; पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘एम.ए.’, ‘एफ.आय.आर.’ हे शब्द स्वराने सुरू होतात. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’, ‘वन’ हे य आणि व या व्यंजनांनी. इंग्रजी लिपी जे लपवते ते आपली लिपी उघड करते.

‘द’चा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मराठीत निश्चितता दर्शवणारे उपपद नाही. पण निश्चिततेची जाणीव नाही असे मात्र नाही. ‘होडीत जाळे आहे’ आणि ‘जाळे होडीत आहे’ या दोन वाक्यांतील फरक मढच्या कोणत्याही मुलाला समजतो. पहिल्या वाक्यात जाळे नव्याने सांगितले आहे, म्हणून ‘देअर इज अ नेट इन द बोट’. दुसऱ्यात ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून ‘द नेट इज इन द बोट’. मराठी जे काम शब्दक्रमाने करते, ते इंग्रजी उपपदाने करते. एवढे सांगितल्यावर ‘द’ हा उगाच जोडायचा शब्द राहत नाही.

२. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये

मराठीतील एका प्रत्ययास इंग्रजीत अनेक शब्द लागतात. ‘होडीने गेला’, ‘सुरीने कापला’ आणि ‘कोळ्याने पकडला’ यांतील ‘ने’ पाहावा. प्रवासाच्या साधनासाठी ‘बाय बोट’, हातातील हत्यारासाठी ‘विथ अ नाइफ’, तर कर्त्यासाठी कर्मणी प्रयोगात ‘बाय’ आणि कर्तरी प्रयोगात काहीच नाही.

‘ला’चेही तसेच. ‘मढला गेलो’ यात ‘टू’ आहे. पण ‘त्याला विचारले’ याचे ‘आस्क्ड टू हिम’ होत नाही, कारण ‘आस्क’ हे क्रियापद कर्म थेट घेते. ‘विषयावर चर्चा केली’ यातील ‘वर’मुळे ‘डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘तिच्याशी लग्न केले’ यातील ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हर’ अशी रूपे येतात. विद्यार्थी येथे मराठी वाक्याशी प्रामाणिक राहिलेला असतो. त्याला इंग्रजी क्रियापदाची अपेक्षा तेवढी सांगायची राहते.

३. काळ आणि वाक्यरचना

‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात मालकीचे क्रियापदच नाही. मराठी ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ यांच्याबरोबर ‘असणे’ वापरते. तो ‘आहे’ मनात घेऊन विद्यार्थी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ लिहितो. ‘दहा वर्षांपासून राहतो’ यात मराठी वर्तमानकाळ आणि ‘पासून’ दोन्ही योग्य आहेत. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’, कालावधीसाठी ‘फॉर’ आणि भूतकाळात सुरू होऊन चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते. ‘जरी... तरी’ या जोडीमुळे ‘ऑल्दो... बट’ येते, इंग्रजीत त्यांपैकी एकच पुरते.

सर्वांत महाग पडणारी चूक नकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात होते. ‘मूळ प्रमाणपत्रे आणली नाहीत?’ याला मराठीत ‘हो, आणली नाहीत’ हे उत्तर स्वाभाविक आहे, कारण आपण विचारणाऱ्याच्या विधानाला दुजोरा देतो. इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीनुसार द्यावे लागते : ‘नो, आय हॅवन्ट’. मुलाखतीत उमेदवार केवळ ‘येस’ म्हणाला, तर प्रमाणपत्रे आणली आहेत असा समज होऊ शकतो. येथे व्याकरण हा गुणांचा नव्हे, विश्वासार्हतेचा प्रश्न बनतो.

४. चूक, प्रादेशिक प्रयोग आणि गैरसमज

काही प्रयोग मात्र चुकीच्या सदरात टाकता येत नाहीत. ‘प्रीपोन’ या शब्दाला ऑक्सफर्डच्या कोशांत स्थान मिळाले आहे. ‘कझिन ब्रदर’ हा प्रयोग ब्रिटिश वाचकाला द्विरुक्त वाटेल; परंतु चुलत, मामे, मावस आणि आते या प्रत्येकापुढे ‘भाऊ’ लावणाऱ्या समाजाला केवळ ‘कझिन’ अपुरा वाटणे समजण्यासारखे आहे. असे प्रयोग भारतीय इंग्रजीचे म्हणून ओळखावेत आणि परदेशी वाचकासाठी लिहिताना टाळावेत.

याउलट काही ‘नियम’ हेच गैरसमज आहेत. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नसावे, हा आक्षेप जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सन यांच्या लेखनावर घेतला होता. १९२६ मध्ये फाउलर यांनी इंग्रजी वापरविषयक कोशात हा नियम निराधार ठरवला. तरीही उत्तरपत्रिकांत अशा वाक्यांखाली लाल रेघ पडते.

समारोप

वरील विवेचनावरून तपासणीसाठी तीन प्रश्न सुचवता येतील. ही रचना मराठीच्या नियमातून आली आहे काय? असल्यास दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून फरक दाखवावा. हा भारतीय इंग्रजीतील रूढ प्रयोग आहे काय? असल्यास संदर्भ सांगावा, गुण कापू नयेत. आपण लावत असलेला नियम खरोखर इंग्रजीचा आहे काय? नसल्यास आपली लाल रेघ मागे घ्यावी.

याचा अर्थ इंग्रजीचा तास मराठीत घ्यावा असा नाही. दोन मिनिटांची तुलना पुरेशी असते. ‘चूक’ एवढेच ऐकणारा विद्यार्थी पुढच्या वेळी बोलण्याचे टाळतो; चुकीचे कारण समजलेला विद्यार्थी ती स्वतः दुरुस्त करू लागतो. ‘असे का?’ हा प्रश्न वर्गात विचारला जात आहे तोवर शिकणे चालू आहे. त्याला ‘पाठ कर’ हे उत्तर देऊन तो थांबवण्याचा अधिकार आपणा अध्यापकांना नाही.