शंभर जणांची साक्ष

धान्याचा व्यापारी पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची प्रत पारखतो. ती मूठ खोटे बोलत नाही. परंतु तोच माल पावसाळाभर टिकेल काय, याचे उत्तर तिच्यापाशी नसते. ज्येष्ठांसाठीच्या सुधारित कोरोना लसीची चाचणीही याच दृष्टीने पाहावयास हवी.

कोरोनाचा विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने दिलेले संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणून अमेरिकेत २०२५-२६ च्या लसीसाठी ओमायक्रॉनच्या जे.एन.१ कुळातील एल.पी.८.१ हा उपप्रकार निवडण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने फायझर-बायोएनटेकच्या या लसीस ६५ वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी मान्यता दिली. त्याहून लहान वयात मात्र मधुमेह, दमा अशा जोखमीच्या व्याधी असणाऱ्यांपुरतीच ती मर्यादित ठेवली.

सप्टेंबरमध्ये कंपन्यांनी चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. सहभागी अवघे शंभर होते : ५० जण ६५ वर्षे व त्यापुढील, तर ५० जण १८ ते ६४ वयाचे, पण जोखमीची व्याधी असलेले. आधीच्या हंगामातील लस घेऊन सर्वांना किमान सहा महिने लोटले होते. नवी लस टोचण्यापूर्वी आणि त्यानंतर १४ दिवसांनी रक्त तपासले असता, एल.पी.८.१ ला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सरासरीने किमान चौपट झालेली आढळली.

उतारवयातील शरीरही नव्या लसीस प्रतिसाद देते, ही या मुठीची साक्ष. किती जणांचे रुग्णालयात जाणे टळेल, संरक्षण किती काळ टिकेल, हजारो लोकांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम कोणता, हे शंभर जणांवरून कळत नाही. त्यासाठी मोठ्या संख्येचे आणि दीर्घ काळाचे निरीक्षण लागते. म्हणूनच मे २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वेगवेगळे निकष मांडले : ज्येष्ठ व व्याधिग्रस्तांसाठी प्रतिपिंडांचा पुरावा पुरेसा, तर निरोगी तरुणांसाठी मोठी तुलनात्मक चाचणी हवी. ज्याची जोखीम मोठी, त्याने वाट पाहण्याची किंमतही मोठी असते.

अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्यांना हे उमगणे कठीण नाही. प्रतिपिंडांची वाढ हा एक नय आहे. संपूर्ण सत्य नव्हे, तसेच असत्यही नव्हे. मुलांकडे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी आधीची लस केव्हा घेतली, व्याधी कोणत्या, औषधे कोणती, हे सारे डॉक्टरांपुढे मांडावे आणि मगच निर्णय घ्यावा.